प्रिन्स ऑफ वेल्स चौकडा आणि विंडसर नॉट : एका नामकरणाचे प्रकरण

पुरुषांच्या पाश्चात्त्य पोशाखातील दोन ठळक गोष्टी आज एकाच माणसाच्या पदव्यांनी ओळखल्या जातात. सुटाच्या लोकरी कापडावरील एका विशिष्ट चौकड्याला 'प्रिन्स ऑफ वेल्स चेक' म्हणतात, आणि टायच्या रुंद, त्रिकोणी व दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या गाठीला 'विंडसर नॉट'. ब्रिटनचा राजपुत्र एडवर्ड १९१० पासून १९३६ पर्यंत 'प्रिन्स ऑफ वेल्स' होता, आणि डिसेंबर १९३६ मध्ये सिंहासन सोडल्यावर त्याला 'ड्यूक ऑफ विंडसर' ही पदवी मिळाली. या दोहोंच्या मध्ये अकरा महिन्यांहून थोडा कमी काळ तो 'आठवा एडवर्ड' या नावाने ब्रिटनचा राजा आणि भारताचा सम्राट होता. परंतु त्या राजपदाचे नाव कपड्यांच्या दुकानात फारसे कोणी घेत नाही. कापडावर राहिली ती त्याची राजा होण्याआधीची पदवी, आणि गाठीवर राहिली ती राज्य सोडल्यानंतरची.

हे प्रकरण अभ्यासण्यासारखे वाटते ते एवढ्यासाठी नव्हे. चौकडा त्याने घडवला नव्हता, आणि ती गाठ आपण कधी बांधलीच नाही, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे दोन्ही नावे वस्तुस्थितीला धरून नाहीत, तरीही दोन्ही पक्की रुजली आहेत. राजेरजवाड्यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वस्त्राभूषणांविषयी आपण सहसा असे गृहीत धरतो, की कोण्या राजाने किंवा राणीने ती वस्तू प्रथम करवून घेतली असेल, निदान तिला मान्यता तरी दिली असेल. एडवर्डच्या बाबतीत कागदोपत्री पुरावा आणि त्याची स्वतःची साक्ष अशी दोन्ही उपलब्ध असल्याने हे गृहीतक तपासून पाहता येते. तपासाअंती दिसते ते असे, की नाव देणारा हात राजाचा नसतो. तो विकणाऱ्याचा, छापणाऱ्याचा आणि नक्कल करणाऱ्याचा असतो.

खोऱ्यातील कापड

चौकड्यापासून सुरुवात करू. या कापडाचे मूळ नाव 'ग्लेन अर्कहार्ट चेक'. ग्लेन अर्कहार्ट हे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातले, लॉख नेस या प्रसिद्ध सरोवराच्या पश्चिम काठाला लागून असलेले खोरे. एकोणिसाव्या शतकात तेथील मोठी जमीनदारी सीफील्डच्या सरदार घराण्याकडे होती, आणि त्या घराण्यातील एका काउंटेसने आपल्या शिकाररक्षकांसाठी आणि इतर नोकरांसाठी हा चौकडा वापरात आणला. त्या काळी स्कॉटलंडमधील अनेक जमीनदाऱ्यांनी आपापले कापड ठरवून घेतले होते. 'टार्टन' हा कुळाचा चौकडा असल्याने तो अंगावर घालण्यास कुळाशी नाते असावे लागे, अशी समजूत होती. इंग्लंडहून आलेल्या नव्या मालकांना आणि त्यांच्या पगारी माणसांना ते नाते नव्हते. म्हणून कुळाऐवजी जमिनीची ओळख सांगणारे, आणि डोंगरउतारावरच्या रंगांत मिसळून जाणारे कापड विणून घेण्याची प्रथा पडली. थोडक्यात सांगायचे तर हा चाकरांचा गणवेश होता.

रचनेची जी स्थानिक कथा विणकामाच्या इतिहासात सांगितली जाते तिच्यात एलिझाबेथ मॅकडूगल नावाची एक स्त्री येते. चौकडा मनात जुळवून झाल्यावर तिने काठीने जमिनीवर रेघा ओढून तो गावच्या विणकराला समजावून दिला, असे म्हणतात. कथेचे तपशील कितपत अचूक आहेत हे बाजूला ठेवले, तरी रचना कुणा माग जाणणाऱ्या व्यक्तीचीच असणार, याबद्दल कापड पाहणाऱ्याला शंका राहत नाही. ताण्यात आणि बाण्यात दोन्हीकडे एकच क्रम चालतो : चार धागे गडद, चार फिके, असे काही वेळा, मग दोन गडद, दोन फिके, असे काही वेळा. वीण तिरकी, म्हणजे ज्याला ट्विल म्हणतात ती. जेथे चाराचा पट्टा चाराच्या पट्ट्याला छेदतो तेथे टोकदार दातांसारखी ठिपकेदार नक्षी उमटते. जेथे दोनाचा पट्टा दोनाच्या पट्ट्याला छेदतो तेथे तीच नक्षी इतकी बारीक होते, की जवळजवळ राखाडी भासते. आणि जेथे चार व दोन एकमेकांना भेटतात तेथे बारीक रेघा दिसतात. इतक्या थोड्या सामग्रीतून एकाच कापडावर तीन पोत काढायचे, आणि लांबून पाहिल्यास ते एका शांत राखाडी रंगात विरघळू द्यायचे, हे काम सोपे नाही. नंतरच्या काळात या जाळीवर निळ्या किंवा तांबड्या धाग्याची एक पातळ चौकट टाकण्याची रीत आली, आणि व्यापारात 'प्रिन्स ऑफ वेल्स' हे नाव पुष्कळदा या रंगीत चौकट असलेल्या प्रकारासाठी राखून ठेवले जाते.

या कापडाशी राजघराण्याचा संबंध आला तो दोनदा, आणि येथेच पहिला घोटाळा आहे. 'प्रिन्स ऑफ वेल्स' हे कोण्या एका व्यक्तीचे नाव नसून ब्रिटिश गादीच्या वारसाला दिली जाणारी पदवी आहे. आपल्या एडवर्डचा आजोबा, पुढे सातवा एडवर्ड म्हणून राज्यावर आलेला, जवळजवळ साठ वर्षे प्रिन्स ऑफ वेल्स होता, आणि तोही पोशाखाच्या बाबतीत युरोपभर अनुकरणाचा विषय होता. स्कॉटलंडमधील शिकारीसाठी त्याने स्वतःकरिता एक मोठ्या घरांचा, तांबूस तपकिरी रंगाचा चौकडा पसंत केला होता, असे मानले जाते. आणि काटेकोर जाणकारांच्या मते मूळचा 'प्रिन्स ऑफ वेल्स चेक' तोच. नातवाने वापरला आणि जगभर पोहोचवला तो मात्र ग्लेन अर्कहार्टचा बारीक चौकडा. पदवी सारखीच असल्याने दोन माणसांचे आणि दोन कापडांचे श्रेय एकाच खात्यावर जमा झाले. मुंबईकरांना हा घोटाळा परका वाटू नये. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखली जाणारी वास्तू दीर्घकाळ 'प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम' होती, आणि १९०५ मध्ये तिची कोनशिला बसवणारा प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजे या दोघांच्या मधला तिसरा, पुढे पंचम जॉर्ज झालेला. आजोबा, मुलगा आणि नातू यांना इतिहासकार वेगळे करतो. दुकानातील फळी करत नाही.

राजपुत्राचा पेहराव

एडवर्डला कपड्यांची आवड होती असे म्हणणे अपुरे ठरेल. त्याच्या बाबतीत पेहराव हे वडिलांशी चाललेल्या वादाचे एक क्षेत्र होते. पंचम जॉर्ज जुन्या शिस्तीचा, पोशाखाचे नियम घड्याळाप्रमाणे पाळणारा राजा होता. मुलाने विजारीच्या पायांना बाहेरून दुमड घातलेली पाहिल्यावर राजवाड्यात पाऊस पडतो आहे काय, असे त्याने तिरकसपणे विचारल्याचा किस्सा एडवर्डनेच पुढे सांगितला आहे. मुलगा मात्र मऊ कॉलर, सैल कोट, काळ्याऐवजी गडद निळा रात्रीचा पोशाख, अशा दिशेने निघाला होता. गडद निळ्या रंगामागचे त्याचे कारण या प्रकरणात महत्त्वाचे आहे : छायाचित्रात काळे कापड सपाट दिसते, त्यावरची शिलाई आणि घड्या हरवतात, तर गडद निळ्यात त्या उठून दिसतात. आपण सतत छायाचित्रात असणार आहोत हे ओळखून कापड निवडणारा तो बहुधा पहिल्या काही राजपुत्रांपैकी असावा.

त्याचे कोट शिवणारा फ्रेडरिक शोल्टे हा मूळचा डच, लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर नाव मिळवलेला कारागीर. छातीवर आणि खांद्याच्या पाठीमागे किंचित जास्त कापड ठेवून कोटाला सहज पडण देण्याची त्याची पद्धत त्या काळात गाजली. ग्लेन चौकडा या पद्धतीला फार अनुकूल होता, कारण सैल कापडात घडी पडली तरी बारीक नक्षीमुळे ती बोचत नाही. परंतु 'शोल्टे कोट' असे नाव कोणत्याही वस्त्राला मिळाले नाही. राजपुत्राने चाकरांच्या गणवेशाचे, शिकारीला आणि खेड्यात घालायचे कापड शहरी सुटात आणले, आणि तो जेथे जेथे गेला तेथे तेथे ते लोकांनी पाहिले.

आणि तो खूप ठिकाणी गेला. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्याची डागडुजी करण्यासाठी त्याला जगभर पाठवण्यात आले. १९२४ मध्ये तो पोलोचे सामने पाहण्यासाठी अमेरिकेत लाँग आयलंडला उतरला, तेव्हा तेथील कापडव्यवसायाच्या नियतकालिकांनी त्याच्या टोपीपासून बुटापर्यंत प्रत्येक वस्तूची नोंद घेतली. ही नियतकालिके ग्राहकांसाठी नव्हती. ती गिरणीवाल्यांसाठी, तयार कपड्यांच्या कारखानदारांसाठी आणि दुकानदारांसाठी होती. पुढच्या हंगामात काय विकले जाईल याचा अंदाज त्यांना हवा होता, आणि राजपुत्र हा त्यांच्या दृष्टीने फुकट मिळालेला जाहिरातफलक होता. चौकड्याला 'ग्लेन अर्कहार्ट' म्हणून विकायचे, तर आधी ते खोरे कोठे आहे हे गिऱ्हाइकाला सांगावे लागे. 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हटले की काहीच सांगावे लागत नसे. माझ्या मते नामकरणाचे खरे कारण एवढेच आहे. फ्रान्समध्ये आणि इटलीत हे कापड आजही त्या त्या भाषेतील 'वेल्सचा राजपुत्र' या शब्दांनीच ओळखले जाते. खोऱ्यापासून जितके दूर जावे तितके खोऱ्याचे नाव पुसट होत गेले आहे.

मुंबई, १७ नोव्हेंबर १९२१

या राजपुत्राच्या पोशाखाचे कौतुक जगभर छापले जात असतानाच्या काळात तो मुंबईत उतरला, आणि त्याच दिवशी मुंबईत कापड जळत होते. ही घटना फॅशनच्या इतिहासात सहसा येत नाही, आणि स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात तिची फॅशनच्या अंगाने चर्चा होत नाही. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय राजपुत्राच्या नावाची किंमत नीट कळत नाही, म्हणून येथे थोडे थांबणे भाग आहे.

एडवर्ड 'रिनाउन' या युद्धनौकेने १७ नोव्हेंबर १९२१ रोजी मुंबईला पोहोचला. काँग्रेसने त्याच्या स्वागतावर बहिष्कार पुकारला होता. असहकाराच्या चळवळीत परदेशी कापडाची होळी हा त्या वर्षीचा प्रमुख कार्यक्रम होता. ३१ जुलैला, लोकमान्य टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, परळला पहिली मोठी होळी झाली होती. राजपुत्र उतरला त्या दिवशी पुन्हा एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींची सभा झाली आणि परदेशी कापड पेटवण्यात आले. म्हणजे एका बाजूला बंदरावर सरकारी स्वागत, आणि काही मैलांवर गिरणगावात कापडाचा ढीग.

त्यानंतर जे घडले ते दुःखद होते. स्वागताला गेलेल्या पारशी, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती लोकांवर जमावाने हल्ले केले. वाटेत दिसणाऱ्यांच्या डोक्यावरच्या परदेशी टोप्या हिसकावण्यात आल्या. ट्रामगाड्या आणि दारूची दुकाने जाळली गेली. त्यावर प्रतिहल्ले झाले, आणि त्यांत खादी घालणाऱ्यांना मार बसला. दंगल काही दिवस चालली आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गांधीजींनी व्यथित होऊन उपवास आरंभला तो येथेच. त्या दिवसांत मुंबईच्या रस्त्यावर माणूस कोणत्या बाजूचा आहे हे त्याच्या डोक्यावरच्या टोपीवरून ठरवले जात होते, आणि ते ठरवण्यात चूक झाली तर जीव जाण्याचा धोका होता.

त्या आधी दोनच महिन्यांपूर्वी, २२ सप्टेंबर १९२१ रोजी, मदुराई येथे गांधीजींनी आपला नेहमीचा पोशाख सोडून पंचा स्वीकारला होता. त्यात सदऱ्याबरोबर टोपीही गेली. पांढऱ्या खादीची जी टोपी तोवर त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली होती, आणि जी पुढे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत इतकी रुजली, की आजही अनेकांना शेतकऱ्याची ओळख तीच वाटते, ती टोपी ज्यांच्या नावाची, त्यांनी स्वतः घालणे त्या सुमाराला सोडून दिले होते. गांधीजी राजे नव्हते, आणि त्यांचे नाव टोपीला चिकटले ते विक्रीसाठी नव्हे तर निष्ठा दाखवण्यासाठी, हा फरक मोठा आहे. तरीही नावाचा व्यवहार दोन्हीकडे सारखाच चालला : नाव एकदा लोकांच्या हाती गेले की ज्याचे नाव तो ती वस्तू वापरतो की नाही, याला काही महत्त्व उरले नाही. विंडसर नॉटच्या बाबतीत नेमके हेच पाहायला मिळते.

अस्तर आणि गाठ

१९३६ च्या डिसेंबरमध्ये, वॉलिस सिम्प्सन यांच्याशी विवाह करता यावा म्हणून, एडवर्डने राज्य सोडले. त्याच्या धाकट्या भावाने, सहाव्या जॉर्जने, त्याला विंडसरचा ड्यूक केले. हे नावही तसे नवेच होते. ब्रिटिश राजघराण्याचे मूळ जर्मन नाव महायुद्धात अडचणीचे ठरू लागल्यावर १९१७ मध्ये पंचम जॉर्जने ते टाकून दिले आणि आपल्या किल्ल्याच्या गावावरून 'विंडसर' हे नाव घेतले. एका गावाचे नाव किल्ल्याकडे, किल्ल्याकडून घराण्याकडे, घराण्याकडून राज्य सोडलेल्या राजाकडे, आणि तेथून गळ्यातल्या गाठीकडे आले. वीस-पंचवीस वर्षांत झालेला शेवटचा एवढा प्रवास त्या गावाच्या वाट्याला आधी कधी आला नसावा.

ड्यूकच्या टायची गाठ छायाचित्रांत ठसठशीत, भरीव दिसत असे. अमेरिकेत ती पाहून तसा आकार आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. नेहमीची साधी गाठ, जिला इंग्रजीत 'फोर-इन-हँड' म्हणतात, ती टायचे रुंद टोक अरुंद टोकाभोवती गुंडाळून वरून खाली ओढली की होते. ती निमुळती आणि थोडी एका बाजूला कललेली असते. भरीवपणा आणायचा तर कापडाचे वेढे वाढवणे हा एक मार्ग. रुंद टोक मानेजवळच्या वळशावरून एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून ओवले, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा फुगवटा येतो आणि गाठ सरळ त्रिकोणी होते. हीच विंडसर नॉट. तिला ड्यूकचे नाव मिळाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून ती सर्वत्र पसरली.

१९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, घराण्याच्या पोशाखांविषयीच्या आपल्या पुस्तकात ड्यूकने या समजुतीचा इन्कार केला. अमेरिकनांनी ज्या दुहेरी गाठीला माझे नाव दिले ती माझी नव्हे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. मोठी गाठ त्याला आवडत असे हे खरे. पण त्यासाठी त्याने लंडनच्या आपल्या टाय-कारागिराकडून रुंद टाय बनवून घेतले होते, आणि त्यांच्या आत जाड अस्तराचा जादा थर घातलेला असे. तो बांधत होता ती नेहमीचीच साधी गाठ. जाडी वेढ्यांत नव्हती, अस्तरात होती.

या प्रकरणातील सर्वांत बोधक भाग मला हाच वाटतो. छायाचित्रात गाठीचा आकार दिसतो, अस्तर दिसत नाही. नक्कल करणाऱ्यांकडे परिणाम होता, कृती नव्हती. म्हणून त्यांनी आपल्या हाती असलेल्या पातळ टायमधून तोच परिणाम साधणारी स्वतःची कृती शोधून काढली, आणि शोधाचे श्रेय ज्याची नक्कल करायची होती त्याला देऊन टाकले. हे श्रेय देण्यात उदारपणा नव्हता. अनाम अमेरिकनाने शोधलेली गाठ कोणी शिकली नसती. ड्यूकची गाठ शिकायला सगळे तयार होते. दुसरीकडे ज्या टाय-कारागिराने जाड अस्तराची खरी युक्ती केली तिची नक्कल कोणी केली नाही, कारण ती कोणाला दिसलीच नाही. आपली ही पद्धत पुढे कोणी उचलल्याचे ऐकिवात नाही, असे ड्यूकनेही नमूद केले आहे.

गाठीची मोजणी पुढे शास्त्रज्ञांनीही केली. केंब्रिजच्या थॉमस फिंक आणि योंग माओ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये टाय बांधण्याच्या शक्य त्या सर्व रीती गणिताने काढल्या, आणि नेहमीच्या लांबीच्या टायमध्ये ८५ गाठी बसतात असे दाखवले. त्यांच्या हिशेबात साध्या गाठीला चार चाली लागतात, विंडसरला आठ. 'हाफ विंडसर' या नावाची जी मधली गाठ आहे तिला चार नव्हे, सहा चाली लागतात. म्हणजे ती विंडसरची अर्धी नाही आणि विंडसर ड्यूकची नाही, तरी दोन्ही नावे बिनतक्रार चालू आहेत. या रुंद गाठीला जागा मिळावी म्हणून ज्या सदऱ्याच्या कॉलरची टोके एकमेकांपासून लांब कापलेली असतात, तिलाही काही ठिकाणी 'विंडसर कॉलर' म्हणतात. एका नाकारलेल्या नावावर दुसरे नाव उभे राहिले, ते असे.

शेटलंडचा अपवाद

एवढे वाचून असे वाटेल, की राजपुत्राने ज्याला हात लावला ते त्याच्या नावाचे झाले. तसे झाले नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंड बेटांच्या समूहात, फेअर आइल नावाचे एक छोटे बेट आहे. रंगीत लोकरीच्या आडव्या पट्ट्यांत बारीक नक्षी विणलेले स्वेटर ही तेथील खासियत. शेटलंडच्या एका व्यापाऱ्याने असा स्वेटर राजपुत्राकडे पाठवला, आणि १९२२ मध्ये सेंट अँड्र्यूज येथील प्रसिद्ध गोल्फ क्लबचा कप्तान म्हणून तो मैदानात उतरला तेव्हा त्याच्या अंगात हाच स्वेटर होता. पुढे चित्रकाराने त्याचे त्या स्वेटरमधील व्यक्तिचित्रही रंगवले. मागणी एकदम वाढली, आणि युद्धानंतरच्या मंदीत हाताला काम नसलेल्या शेटलंडच्या विणकर स्त्रियांना त्याचा आधार झाला.

हा स्वेटर मात्र 'प्रिन्स ऑफ वेल्स स्वेटर' झाला नाही. तो 'फेअर आइल' म्हणून गेला, 'फेअर आइल' म्हणून विकला गेला, आणि आजही त्याच नावाने विकला जातो. एकच राजपुत्र, जवळजवळ एकच दशक, दोन्ही वस्तू स्कॉटलंडच्या, दोन्ही गावकऱ्यांनी घडवलेल्या. तरी एका वस्तूने आपले नाव राखले आणि दुसरीने गमावले. असे का व्हावे?

माझे उत्तर असे आहे. स्वेटर राजपुत्राकडे पोहोचला तो बेटावरच्या व्यापाराच्या हातून, बेटाचे नाव आधीच लागलेल्या स्थितीत. आणि मागणी वाढल्यावर ती पुरी करणारे लोकही तेच बेटवासी होते. मालाचा उगम आणि मालाचे नाव यांत अंतर पडले नाही. ग्लेन चौकडा मात्र कधीच एका गावच्या मागांचा मक्ता नव्हता. तो धाग्यांचा क्रम होता, आणि क्रम कोणत्याही गिरणीला विणता येतो. यॉर्कशायरच्या गिरण्यांना, पुढे इटलीच्या गिरण्यांना आपण विणलेल्या कापडावर एका दूरच्या खोऱ्याचे नाव लावण्यात काहीच स्वारस्य नव्हते. राजपुत्राचे नाव मात्र कोणत्याही गिरणीच्या मालावर सारखेच शोभत होते. जमीनदारणीला तर ते कापड विकायचेच नव्हते, तिला आपली माणसे ओळखू यायला हवी होती. त्यामुळे त्या नावाची राखण करणारे कोणी उरले नाही. कारागिराचे नाव टिकते ते माल चांगला असल्यामुळे नव्हे, तर प्रसिद्धी आली त्या वेळी मालाचा ताबा कोणाकडे होता यावर, असे या दोन उदाहरणांवरून म्हणता येते.

आपल्याकडील शिंदेशाही पगडी किंवा शिंदेशाही तोडे ही नावे या पार्श्वभूमीवर वेगळी दिसतात. त्यांत व्यक्तीचे नाव नाही, घराण्याच्या थाटाचे आहे, आणि ती पगडी त्या दरबारात बांधली जात होती म्हणून नाव खाली उतरले. छायाचित्र आणि तयार कपड्यांचा बाजार येण्यापूर्वी राजाचे नाव वस्तूला लागायचे तर दरबार, सरदार, मानकरी, मग सावकार, अशी पायरी-पायरीने उतरण चालत असे, आणि नक्कल करणाऱ्याला निदान ती वस्तू जवळून पाहावी लागे. एडवर्डच्या बाबतीत मधल्या पायऱ्या गळून पडल्या. ज्याने राजपुत्राला कधी पाहिले नाही असा न्यूयॉर्कचा कारकून छापील चित्रावरून त्याची गाठ बांधत होता. राजघराण्याच्या नावांनी चालणाऱ्या बऱ्याच आधुनिक वस्त्रांच्या बाबतीत असेच काही घडले असावे, असा माझा कयास आहे. पण त्यांतील बहुतेकांच्या मालकांनी ड्यूकसारखी साक्ष मागे ठेवलेली नाही.

ड्यूक १९७२ मध्ये पॅरिसला वारला. त्याच्या घरातील सामानाचा लिलाव १९९८ मध्ये न्यूयॉर्कला झाला आणि त्यात त्याचे कपडेही होते. पदवी दरम्यान पुढे सरकली होती. १९५८ पासून २०२२ पर्यंत ती चार्ल्सकडे होती, तोही चौकड्याच्या सुटांसाठी ओळखला जातो, आणि नव्या पिढीतील काही ग्राहकांची अशी समजूत आहे, की कापडाला त्याचेच नाव आहे. २०२२ पासून ती विल्यमकडे आहे. शिवायला टाकताना ज्याला खोऱ्याचे ऋण मान्य करायचे असेल त्याला अजून वाव आहे, कारण नुसते 'ग्लेन चेक' म्हटले तरी जाणत्या शिंप्याला कोणते कापड हवे ते समजते. विंडसर नॉटला मात्र पर्यायी नाव नाही. तिला 'फुल विंडसर' म्हणा की 'डबल विंडसर', ड्यूकने नाकारलेला शब्द त्यात राहतोच.